पाठीवरचा दुसरा सिलिंडर

मालवण किंवा तारकर्लीला सहलीला गेलेल्या वाचकांनी पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात उतरणारी माणसे पाहिली असतील. एखाद्याने स्वतः बुडीही मारली असेल. त्या सिलिंडरमध्ये प्राणवायू भरलेला असतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. आपण या क्षणी श्वासावाटे घेत आहोत तीच साधी हवा गाळून, कोरडी करून आणि जोराने दाबून त्यात भरलेली असते. हौसेने प्रवाळ आणि मासे पाहायला जाणाऱ्याला असा एक सिलिंडर पुरतो. परंतु ज्यांना अधिक खोल, अधिक दूर किंवा अधिक वेळ जायचे असते ते पाणबुडे पाठीवर दोन सिलिंडर घेतात. एकाच्या जागी दोन बांधायचे, एवढेच तर काम! मग त्यासाठी पट्ट्यांपासून झडपांपर्यंत सारी बांधणी नव्याने का करावी लागते? या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला, तर शाळेत शिकलेले बरेचसे पदार्थविज्ञान पाण्याखाली भेटते.

प्रथम हवेचा हिशेब करू. पोलादी सिलिंडरची धारणाशक्ती १२ लिटर आहे आणि त्यात २०० वातावरणांच्या दाबाखाली हवा भरली आहे असे धरा. बॉइलच्या नियमाप्रमाणे ही हवा मोकळी केल्यास १२ × २०० म्हणजे २,४०० लिटर जागा व्यापील. (इतक्या मोठ्या दाबाला हवा बॉइलचा नियम तंतोतंत पाळत नाही, पण फरक थोडा आहे, आपल्या हिशेबाला चालेल.) सावकाश पोहणाऱ्या माणसाला मिनिटाला सुमारे २० लिटर हवा लागते. तेव्हा ही शिदोरी दोन तास पुरायला हवी. पृष्ठभागावर ती पुरेलही. पाण्यात मात्र दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो, आणि ३० मीटर खोलीवर तो ४ वातावरणे होतो. छातीवर बाहेरून एवढा दाब असताना फुप्फुसे फुगायची, तर आत येणारी हवाही तितक्याच दाबाची हवी. म्हणजे श्वास तेवढाच, पण त्यात हवा चौपट! मिनिटाला ८० लिटर या वेगाने दोन तासांची शिदोरी अर्ध्या तासात संपते.

बाहेर जेवढा दाब असेल नेमक्या तेवढ्याच दाबाची हवा तोंडाशी देणे हे काम रेग्युलेटर करतो. घरच्या गॅसच्या सिलिंडरवर असतो त्याचाच हा अधिक चलाख भाऊ. फ्रेंच नौदलातील अधिकारी जाक-ईव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी १९४३ साली तो सिद्ध केला. त्याच्या पहिल्या चाचणीची हकीकत सांगण्यासारखी आहे. पॅरिसजवळच्या मार्न नदीत कूस्तो उतरले. आडवे पोहताना यंत्र उत्तम चाले. पण उभे राहताच हवा भसाभस वाहून जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढणे जड होई. कारण काय, तर उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा आणि हवा आत घेण्याची जागा यांमध्ये सुमारे १५ सेंटिमीटरांचे अंतर होते. उभे राहिल्यावर या दोन जागांवरच्या पाण्याच्या दाबात फरक पडे. १५ सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे एका वातावरणाचे जेमतेम दीड शतांश. पण तेवढ्याने यंत्र बिघडले. दोन्ही जागा शेजारी शेजारी आणल्यावर दोष गेला. त्याच वर्षी जूनमध्ये कूस्तो भूमध्य समुद्रात उतरले तेव्हा त्यांच्या पाठीवर तीन सिलिंडर होते. तेव्हा एकाहून अधिक सिलिंडर घेण्याची कल्पना या साधनाइतकीच जुनी आहे. पाठीवरची एखादी वस्तू वीतभर सरकली तरी काय होते, हेही तेव्हापासूनच ठाऊक आहे.

हवेचे वजन

आता वजनाकडे वळू. १२ लिटरच्या रिकाम्या पोलादी सिलिंडरचे वजन झडपेसह सुमारे १५ किलोग्रॅम असते. त्यातील २,४०० लिटर हवेचे वजन, लिटरला १.२ ग्रॅम धरून, जवळजवळ ३ किलोग्रॅम होते. हवेला वजन असते हे आपण परीक्षेपुरते लिहितो. येथे ते खांद्यावर घ्यावे लागते. दोन भरलेले सिलिंडर झाले ३६ किलोग्रॅमचे. त्यात पट्टे, झडपा आणि बाकीचा सरंजाम मिळवला, की आठवी-नववीतल्या मुलाला पाठुंगळीला घेऊन हलत्या होडीवर उभे राहण्याइतका बोजा होतो.

पाण्यात शिरल्यावर आर्किमिडीज मदतीला येतो. १४ किलो पोलादाचे आकारमान (घनता ७.८ धरून) सुमारे १.८ लिटर, त्यात आतली १२ लिटरची पोकळी मिळवली की झडपेसह सिलिंडर सुमारे १४ लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणून गोड्या पाण्यात रिकाम्या सिलिंडरचे वजन जेमतेम एक किलो भरते आणि भरलेल्याचे चार किलो. दोन सिलिंडर घेतले तर बुडीच्या आरंभी आठ किलो आणि हवा संपत आली की दोन किलो.

हा सहा किलोंचा फरक हीच खरी अडचण आहे. वर येताना पाणबुड्याला चार-पाच मीटर खोलीवर काही मिनिटे स्थिर थांबावे लागते. त्या वेळी त्याचे सिलिंडर जवळजवळ रिकामे असतात. तेथे त्याने बूच तरंगते तसे वर उसळून चालणार नाही. म्हणून शेवटच्या या स्थितीत आपण न बुडता, न तरंगता राहू, इतके वजन त्याने अंगावर घेतलेले असावे लागते. आणि मग उघडच आहे की, आरंभी तो सहा किलोंनी जड असणार! हे जडपण तोलण्यासाठी पाठीवर एक हवापिशवी असते. तिच्यात सिलिंडरमधली थोडी हवा सोडायची. एक लिटर हवा सुमारे एक किलो उचलते. शिवाय थंड पाण्यात घालायचा स्पंजासारख्या रबराचा पोशाख खोलीवर दबून पातळ होतो आणि त्याची तरंगण्याची शक्ती घटते. तीही भरपाई या पिशवीनेच करायची. एका सिलिंडरसाठी पुरणारी पिशवी दोघांना अपुरी पडते ती यामुळे.

पण मोठी पिशवी घेतली म्हणजे संपले असे नाही. पिशवी फाटली तर? पातळ पोशाख घालून, दोन जड पोलादी सिलिंडर बांधून उतरलेला माणूस अशा वेळी नुसत्या पायांच्या जोरावर वर येऊ शकत नाही. म्हणून उबदार समुद्रात पुष्कळ पाणबुडे ॲल्युमिनियमचे सिलिंडर पसंत करतात. ॲल्युमिनियम हलके खरे, पण मजबुतीसाठी त्याची भिंत जाड ठेवावी लागते. ११ लिटरच्या सिलिंडरला १४ किलो ॲल्युमिनियम लागते, आणि २.७ या घनतेने त्याचेच आकारमान पाच लिटरांहून अधिक होते. सिलिंडर बाजूला सारतो ते पाणी सोळा लिटरांच्या पुढे जाते. परिणाम गमतीचा होतो. हा सिलिंडर भरलेला असताना बुडतो आणि रिकामा झाला की तरंगू लागतो. विद्यार्थ्यांनी वरच्या पद्धतीने हा हिशेब स्वतः करून पाहावा.

पाठीवरची बांधणी

एक सिलिंडर साध्या जाकिटाला एका रुंद पट्ट्याने आवळून बांधता येतो. दोन सिलिंडर तसे बांधले तर ते पाठीवर लोळतात. फ्लॉरिडाच्या उत्तर भागात चुनखडीच्या दगडातून फुटणारे मोठे झरे आहेत. त्यांच्या मुखातून आत शिरले की पाण्याने भरलेल्या मैलोगणती गुहा लागतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस या गुहांत जाणाऱ्या पाणबुड्यांनी एक साधी युक्ती रूढ केली. पाठीच्या आकाराला वाकवलेला धातूचा जाड पत्रा घ्यायचा. दोन्ही सिलिंडर पोलादी कड्यांनी एकमेकांस पक्के जखडायचे. कड्यांतून बाहेर आलेले दोन बोल्ट पत्र्याच्या भोकांतून ओवून हाताने आवळता येणाऱ्या नटांनी घट्ट करायचे. या दोन भोकांमधले अंतर ११ इंच, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर ठेवायची प्रथा पडली, आणि जगात कोठेही घेतलेला पत्रा कोठल्याही जोडीला बसू लागला. हवापिशवी पत्रा आणि सिलिंडर यांच्यामध्ये चेपून बसते. मला या बांधणीत सर्वांत आवडते ते असे की, तीत फालतू काहीच नाही. पत्रा पोलादी घेतला तर त्याचे दोन-तीन किलो वजनही वाया जात नाही; कमरेला शिसे बांधतात, त्यातले तेवढे कमी करता येते.

ते कमरेचे शिसे पाठीवर आले याचाही उपयोग आहे. पाणबुड्याला पाण्यात जमिनीशी समांतर राहायचे असते. त्याचे वजन ज्या बिंदूतून खाली ओढते आणि पाणी त्याला ज्या बिंदूतून वर ढकलते, ते दोन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेत आले तरच हे जमते. एरवी बलयुग्म तयार होते, आणि पाय खाली जाऊन डोके वर येते किंवा उलट होते. पाण्यात आठ किलो भरणारी जोडी पाच सेंटिमीटर डोक्याकडे सरकवली तर फरक पडतो ४० किलो-सेंटिमीटरचा. तोच फरक साधायला दोन किलो शिसे २० सेंटिमीटर हलवावे लागेल. म्हणून अनुभवी पाणबुडा शिसे इकडेतिकडे बांधत बसत नाही. सिलिंडरची कडी बोटभर वर-खाली करतो. गुहेत हा नुसता सोयीचा प्रश्न नसतो. पाय खाली लोंबले की तळाचा बारीक गाळ ढवळला जातो आणि क्षणार्धात हातातल्या दिव्याचा उजेडही दिसेनासा होतो.

झडपांचा प्रश्न

आतापर्यंत आपण सिलिंडर शेजारी शेजारी बसवले. आता त्यांतली हवा एकत्र आणायची. सुरुवातीच्या जोड्यांत दोन्ही सिलिंडर एका नळीने जोडून मध्यावर एकच तोंड ठेवीत आणि त्यावर एक रेग्युलेटर बसवीत. हवा दुप्पट झाली, पण सुरक्षितता? रेग्युलेटर अडकून उघडा राहिला तर दोन्ही सिलिंडर त्याच एका तोंडातून रिकामे होणार. शिवाय सांधे वाढले. प्रत्येक सांध्यात ओ-रिंग नावाचे रबरी कडे असते; प्रेशर कुकरच्या झाकणातली रिंग करते तेच काम ते २०० पट दाबाखाली करते. एक सांधा गळण्याची शक्यता शंभरात एक आहे असे केवळ उदाहरणासाठी धरा. असे दोन सांधे असतील, तर त्यांतला निदान एक गळण्याची शक्यता शंभरात जवळजवळ दोन होते. दुसरी वस्तू जोडल्याने धोका निम्मा होण्याऐवजी दुप्पट झाला! मात्र एक गळाला तरी दुसऱ्याने काम भागते अशी रचना असेल, तर दोन्ही एकाच वेळी निकामी होण्याची शक्यता दहा हजारांत एक होते. सांधे तेच आणि तेवढेच, फरक आहे तो जोडणीचा.

दोन सिलिंडर अगदी वेगळे ठेवून प्रत्येकाला स्वतंत्र रेग्युलेटर देणे हा एक मार्ग आहे. पण मग दर थोड्या वेळाने तोंडातला रेग्युलेटर बदलून दोन्हींतली हवा सारखी ठेवावी लागते, आणि एक बिघडला तर त्यातली चांगली हवाही अडकून पडते. बहामा बेटांपैकी अँड्रॉस येथील 'निळ्या विवरांचा' शोध घेणारे कॅनडाचे जॉर्ज बेंजामिन यांच्या नावाने जी जोडनळी प्रसिद्ध झाली, तिने हा पेच सोडवला. तीत दोन्ही सिलिंडर आडव्या नळीने जोडलेले, पण तोंडे दोन आणि रेग्युलेटरही दोन. उजवा रेग्युलेटर बिघडला तर उजवी चावी बंद करायची. दोन्ही सिलिंडरमधली हवा डाव्या रेग्युलेटरमधून मिळत राहते. पुढे आडव्या नळीच्या मधोमध तिसरी झडप आली. सिलिंडरच्या मानेपाशीच गळती लागली तर ही मधली झडप बंद करून निदान अर्धी हवा वाचवता येते. ही झडप चुकून बंद राहिली तर मात्र दाबमापक एकाच सिलिंडरचा दाब दाखवतो, म्हणून बुडीपूर्वी ती हाताने फिरवून पाहतात.

येथे एक खोडी आहे. दोन्ही बाजूंच्या चाव्या बाहेरच्या दिशेला तोंड करून असतात आणि दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर बंद होतात. पालथा पोहणारा पाणबुड्या गुहेच्या छताला घासत पुढे गेला, तर दोन्ही चाव्यांची वरची कड मागे ओढली जाते. आता दोन बाटल्या आडव्या धरून, त्यांची झाकणे एक डावीकडे व एक उजवीकडे येतील अशी ठेवा आणि दोन्हींच्या वरच्या कडेवरून फूटपट्टी पुढून मागे घासत न्या. डावे झाकण आवळले जाते, उजवे सैल होते! म्हणजे छताला घासून डावी झडप नकळत बंद होऊ शकते, उजवी होत नाही. म्हणूनच संकटात सोबत्याला द्यायचा रेग्युलेटर नेहमी उजव्या झडपेला लावतात. त्याची नळी सुमारे दोन मीटर लांब ठेवतात, कारण अरुंद वाटेत दोघांना एकामागून एक जावे लागते.

तिसरा हिस्सा

हवा एवढी दुप्पट केल्यावर किती आत जावे? अमेरिकेचे शेक एक्सली यांनी फ्लॉरिडातील गुहांमधल्या अपघातांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९७९ साली त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. बाहेरपर्यंत अखंड दोरी असावी, हवेचा तिसरा हिस्सा संपताच मागे फिरावे आणि फार खोल जाऊ नये, यांपैकी एखादा नियम मोडलेला असतो असे त्यांना आढळले. तिसराच हिस्सा का? बीजगणित सोपे आहे. आत जाताना दोघांनीही आपापल्या हवेचा क्ष हिस्सा वापरला. अगदी टोकाशी एकाची सगळी हवा गेली. आता दुसऱ्याच्या उरलेल्या (१ – क्ष) हवेत दोघांनी बाहेर यायचे, म्हणजे २क्ष हवा लागणार. २क्ष हे (१ – क्ष) पेक्षा जास्त असता कामा नये. म्हणून क्ष फार तर एक तृतीयांश. घाबरलेला माणूस जास्त हवा घेतो, तेव्हा खरे तर याहूनही आधी फिरावे. आणि पाहा, टोकाशी असताना जोडीपैकी एक सिलिंडर मधली झडप बंद करून सोडून द्यावा लागला, तर उरलेल्या दोन तृतीयांशाचा अर्धा, म्हणजे एक तृतीयांश हवा हाती राहते. परतीला नेमकी तेवढीच लागते.

दुप्पट हवेचा आणखी एक धोका आहे. ३० मीटरवर एक सिलिंडर अर्ध्या तासात संपतो, आणि मध्ये न थांबता वर येता येईल अशी मुदत त्या खोलीवर सुमारे वीस मिनिटांची असते. त्यापुढे रक्तात आणि पेशींत इतका नत्रवायू विरघळतो की एकदम वर आल्यास सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सुटतात. टप्प्याटप्प्याने वर यावे, हे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०८ साली दाखवून दिले. एका सिलिंडरचा पाणबुड्या हवा संपत आली म्हणून बहुधा वेळीच वर येतो. दोन सिलिंडरवाल्याला असे कोणी हटकत नाही. त्याने घड्याळ आणि कोष्टक पाळले पाहिजे, आणि वाढवलेल्या हवेतली बरीचशी या थांब्यांसाठी राखली पाहिजे.

पाठीवरच्या जोडीला आणखी एक मर्यादा आहे, ती उंचीची. माणूस आणि त्याच्या पाठीवरचे सिलिंडर ज्या फटीतून जात नाहीत तेथे काय करायचे? तेथे सिलिंडर पाठीवरून काढून दोन्ही बगलांखाली अंगालगत अडकवतात. वाट फारच अरुंद झाली तर एक सोडवून हाताने पुढे ढकलतात. झडपा डोळ्यांसमोर येतात हा आणखी लाभ, पण येथे सिलिंडर स्वतंत्र असल्याने रेग्युलेटर आलटून पालटून घेणे आलेच. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी पुराने १२ मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, तेव्हा त्यांना २ जुलै रोजी शोधून काढणारे ब्रिटिश पाणबुडे रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन याच पद्धतीचे सिलिंडर घेऊन गेले होते. (गुहेतील पाणी उपसण्याच्या कामी पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तज्ज्ञही तेथे गेले होते.) अंगावरचे दोन सिलिंडर एवढ्या लांबच्या वाटेला पुरेनात, म्हणून मार्गावर ठिकठिकाणी राखीव सिलिंडर नेऊन ठेवावे लागले. असेच सिलिंडर पोहोचवून परतताना ६ जुलै रोजी थायलंडच्या नौदलाचे माजी जवान समन कुनान यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सर्व मुले आणि त्यांचे प्रशिक्षक बाहेर आले. मुलांना भूल दिलेली होती, आणि त्यांचा सिलिंडर पाठीवर नव्हता की बगलेत नव्हता. एकच होता, तो छातीच्या बाजूला बांधला होता.